किसनचा कसिन कोणी केला?

मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचं आहे. विषय ऐकायला भयंकर कंटाळवाणा आहे: फॉन्ट रेंडरिंग लायब्ररीची बिल्ड कॉन्फिगरेशन. हे वाचून अर्धे लोक चहा टाकायला उठले असतील, याची मला पूर्ण कल्पना आहे. पण बसा थोडा वेळ. या गोष्टीत एक म्हातारा शेतकरी आहे, दुधाची एक पावती आहे आणि एक गाढव इंजिनिअर आहे. गाढव इंजिनिअर म्हणजे अस्मादिक.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा एका छोट्या कंपनीत होतो (नाव सांगत नाही, भले लोक होते). आम्ही दूध संकलन केंद्रासाठी एक मशीन बनवत होतो. सकाळ-संध्याकाळ शेतकरी डेअरीवर दूध घालायला येतो, काट्यावर कॅन ठेवतो, फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं आणि मशीनमधून पावती बाहेर येते: नाव, लिटर, फॅट, दर, रक्कम. दहा दिवसांनी बिल होतं तेव्हा या पावत्यांवरच हिशोब ताडून बघायचा. म्हणजे पावती हा शेतकऱ्याच्या हातातला एकमेव पुरावा.

मशीनमध्ये छोटंसं लिनक्स, तुटपुंजी फ्लॅश मेमरी आणि एक थर्मल प्रिंटर. पावती मराठीत हवी हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. अक्षरं काढण्यासाठी फ्रीटाइप घेतलं. दुसरं कोण घेणार? डेव्हिड टर्नर यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली ही लायब्ररी आज अँड्रॉइडमध्ये आहे, लिनक्स डेस्कटॉपवर आहे, प्रिंटर आणि टीव्हीच्या पोटात आहे. फुकट, भरवशाची, लहान. आमच्याकडे एका सहकाऱ्याने जुन्या प्रोजेक्टमधून २.१०.१ ची प्रत उचलून ठेवली होती. कॉन्फिगर, मेक, चाललं. बिल्ड कॉन्फिगरेशन बघायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी ते 'बघितलं' म्हणजे डिफॉल्ट आहे तसं राहू दिलं.

एका मीटिंगमध्ये सीनियरने विचारलं, "अरे, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचं काय? जोडाक्षरं वगैरे?"

मी म्हटलं, "हार्फबझ ऑन आहे सर."

ऑन होतंही. फ्रीटाइपच्या ऑप्शनच्या फाइलमध्ये एफटी_कॉन्फिग_ऑप्शन_यूज_हार्फबझ नावाचा मॅक्रो आहे (मॅक्रोचं नाव देवनागरीत लिहिल्याबद्दल कंपायलर मला माफ करणार नाही, तुम्ही करा). तो सुरू होता. हार्फबझ जोडाक्षरं जुळवतं हे मी कुठंतरी ऐकलं होतं. स्विच ऑन, हार्फबझ ऑन, मराठी ऑन. झालं की!

पुढं फ्लॅशमधली जागा संपत आली. काय काय काढता येईल याची यादी करायला बसलो. हार्फबझ बंद करून बिल्ड केली, पावती छापली. आधीच्या पावतीशी ताडून पाहिली. डोळ्यांना तरी काही फरक नाही! म्हटलं, बरं झालं, उगाच ओझं वागवत होतो. हार्फबझ सिस्टिममधून समूळ काढून टाकलं आणि जागा वाचवल्याबद्दल शाबासकीही घेतली.

आता टेस्टला कुठली नावं टाकली होती ते ऐका. बबन काळे. रमा पवार. आशा जाधव. एकाही नावात जोडाक्षर नाही, एकातही पहिली वेलांटी नाही. आणि 'दूध संकलन केंद्र', 'रक्कम' हे मथळे? ते डिझायनरने चित्र म्हणून दिले होते. फॉन्टशी त्यांचा संबंधच नव्हता.

थोडं तांत्रिक सांगतो, कारण सगळं भांडण त्यावरच आहे. फॉन्टच्या फाइलमध्ये अक्षरांचे आकार वक्ररेषांच्या रूपात साठवलेले असतात. फ्रीटाइप त्यातला एक आकार उचलतं आणि तुम्ही सांगाल त्या मापाचं ठिपक्यांचं चित्र करून देतं. एवढंच त्याचं काम. ओळीत कुठला आकार आधी, कुठला नंतर, कुठल्या दोघांचं मिळून तिसरंच काही होतं, हे त्याला माहीत नसतं आणि त्याने ते कधी कबूलही केलेलं नाही.

देवनागरीत नेमकी तिथंच मेख आहे. युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी क आणि मग वेलांटी. डोळ्यांना दिसताना मात्र आधी वेलांटी, मग क. 'र्जे'मधला र साठवताना सुरुवातीला, दिसताना वरच्या अंगाला रफार होऊन. 'ठ्ठ'साठी फॉन्टमध्ये वेगळा आकार असतो किंवा दोन आकार जोडावे लागतात. ही जुळवाजुळव म्हणजे शेपिंग, आणि ते काम हार्फबझचं. (नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. ओपनटाइपचं सरळ भाषांतर.) पण त्यासाठी तुमच्या प्रोग्रामने हार्फबझला स्वतः विचारावं लागतं: बाबा रे, ही ओळ घे आणि मला आकारांचे क्रमांक नि जागा दे. मग ते क्रमांक घेऊन फ्रीटाइपकडे जायचं.

आमचा कोड एकेक अक्षर घेऊन थेट फ्रीटाइपकडे जात होता. हार्फबझला कोणी काही विचारतच नव्हतं.

मग तो फ्रीटाइपमधला स्विच कशासाठी? तर फ्रीटाइपच्या पोटात ऑटोहिंटर नावाचा भाग आहे. लहान मापात अक्षरं पुसट होऊ नयेत म्हणून तो त्यांच्या रेषा ठिपक्यांच्या चौकटीवर नीट बसवतो. एखादा आकार कुठल्या लिपीचा आहे हे ओळखायला या ऑटोहिंटरला हार्फबझची मदत होते. त्या स्विचचा अर्थ एवढाच. ओळींच्या शेपिंगशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि हे सगळं त्या मॅक्रोच्या डोक्यावर, कॉमेंटमध्ये, साध्या इंग्रजीत लिहिलेलं आहे. दोन-तीन ओळी. मी वाचल्या नव्हत्या.

मशीन गावांत गेलं. आठवड्याने सांगोला तालुक्यातल्या एका केंद्रावरून फोन आला: "मशीन नावं चुकवतंय." मी मनात म्हटलं, नावं टाइप करताना तुम्हीच चुकवली असणार. (आम्हा लोकांची पहिली प्रतिक्रिया हीच असते, नाही का?) तरी गेलो.

संस्थेच्या सचिवांनी पावत्यांचा गठ्ठाच पुढं ठेवला. किसन या नावाचं झालं होतं कसिन. कारण उघड आहे: क छापला, मग वेलांटी छापली, मग स. वेलांटी सच्या मागं जाऊन बसली. विठ्ठलची वेलांटी ठला चिकटलेली आणि त्या ठचा पाय मोडलेला. सर्जेरावांचा रफार जमिनीवर आलेला, र वेगळा, जे वेगळा. पंढरपूरच्या इतक्या जवळ येऊन मी विठ्ठलाचा पाय मोडला होता!

तेवढ्यात ज्यांचं नाव बदललं होतं ते किसनमामाच दूध घालायला आले. सत्तरीचे असतील. सचिव म्हणाले, "मामा, हे मशीनवालं साहेब."

मामांनी खिशातून घडी घातलेली पावती काढली. "साहेब, बारशाला ठेवलेलं नाव हाय. तुमच्या मशीननं कसं काय बदललं?"

मी काहीतरी पुटपुटलो. सॉफ्टवेअर, फॉन्ट, अपडेट.

सचिव व्यवहारी माणूस. म्हणाले, "साहेब, जाऊ द्या. सगळी नावं इंग्लिशमधी टाका. मथळं बी इंग्लिशच करा. कटकट नको."

आमच्या सेल्सवाल्यांनी फोनवर हेच सांगितलं होतं. "इंग्लिश करून टाक, एका दिवसाचं काम आहे." आणि खरंच एका दिवसाचं काम होतं.

मामा म्हणाले, "मंग आमी वाचायचं कसं?"

त्या प्रश्नासाठी हा लेख आहे. मामांना मराठी वाचता येतं, इंग्रजी येत नाही. पावती इंग्रजीत गेली की फॅट किती लागलं, दर काय लागला, कुठला आकडा लिटरचा आणि कुठला रुपयांचा, हे त्यांना नातवाला विचारावं लागणार, नाहीतर सचिवांवर सोडावं लागणार. सचिव सरळ आहेत म्हणून ठीक. प्रत्येक गावात असतीलच असं नाही. हिशोब स्वतः ताडून बघायचा माणसाचा हक्क मी फ्लॅशमध्ये थोडी जागा वाचवायला खाल्ला होता.

आता माझं म्हणणं ऐका. आपल्याकडे मशीनवरची मराठी मोडकी दिसली तर कोणी बग काढत नाही, मराठी काढतात. एटीएम असो, तिकिटाचं मशीन असो, बिलाचा प्रिंटर असो. मग दोन वर्षांनी कोणीतरी प्रेझेंटेशनमध्ये सांगतं की मराठी पर्याय कोणी वापरत नाही, डिमांड नाही. अरे, मोडका पर्याय कोण वापरेल? आणि तो मोडला कुठं? कुठल्या मंत्रालयात नाही, कुठल्या परकीय कटात नाही. माझ्यासारख्या कोणीतरी न वाचलेल्या एका फाइलमध्ये मोडला.

जुन्या लोकांना आठवत असेल, विंडोज एक्सपीवर मराठी नीट दिसण्यासाठी रीजनल सेटिंग्जमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकटीत टिक करावी लागायची, आणि मग ते सीडी मागायचं. सायबर कॅफेवाल्याकडे सीडी कधीच नसायची :) आपली लिपी 'ऐच्छिक' खान्यात असते हे तेव्हापासून अंगवळणी पडलं आहे. ती चौकट आता यूजरला दिसत नाही, इतकाच फरक. ती बिल्डच्या फाइलमध्ये गेली, आणि तिथं टिक करणारा माणूस म्हणजे तुम्ही आणि मी.

परत आल्यावर दोन दिवस मी फक्त त्या फाइली वाचल्या. ऑप्शनची फाइल, मॉड्यूल्सची यादी, आणि डॉक्सच्या फोल्डरमधली 'कस्टमाइझ' नावाची छोटी फाइल. जे दिसलं त्याने मान खाली गेली.

आमच्या पावतीच्या मशीनमध्ये विंडोजचे जुने एफएनटी फॉन्ट वाचायची सोय होती. पीएफआर नावाच्या जुन्या फॉन्ट प्रकाराची सोय होती. व्हेरिएबल फॉन्टची सोय होती. आणि पीएनजीची सोय होती, जी फ्रीटाइपला रंगीत इमोजी दाखवायला लागते! ती कोणी मागितली? कोणीच नाही. कंपनीचा लोगो दाखवायला सिस्टिममध्ये पीएनजीची लायब्ररी पडली होती, फ्रीटाइपच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला ती सापडली, आणि सापडली म्हणून तिने ती जोडून टाकली. हा या स्क्रिप्टचा रिवाजच आहे: काही सांगितलं नाही तर जे हाताला लागेल ते घ्यायचं. म्हणजे माझ्या प्रॉडक्टमध्ये काय जाणार हे मी ठरवत नव्हतो, बिल्ड मशीनवर काय पसरलेलं आहे त्यावर ते ठरत होतं.

थोडक्यात, काळी-पांढरी पावती छापणाऱ्या मशीनमध्ये आम्ही इमोजी ठेवले आणि वेलांटी काढली.

हे नुसतं हास्यास्पद नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रीटाइपमधली एक त्रुटी उघड झाली, सीव्हीई-२०२०-१५९९९. फॉन्टमध्ये बसवलेली पीएनजी चित्रं वाचणाऱ्या कोडमध्ये ती होती, तिचा वापर करून क्रोमवर प्रत्यक्ष हल्ले झाले होते, आणि २.१०.४ मध्ये ती दुरुस्त झाली. आमची प्रत २.१०.१, म्हणजे दुरुस्तीच्या आधीची. २०२५ च्या मार्चमध्ये आणखी एक बाहेर आली, सीव्हीई-२०२५-२७३६३, ती व्हेरिएबल फॉन्टच्या कोडमध्ये, २.१३.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत. आमच्या मशीनमध्ये बाहेरून फॉन्ट यायला वाटच नव्हती, म्हणून वाचलो. पण ज्या दोन गोष्टींची आम्हाला गरज शून्य होती, नेमकी त्याच दोन दारांची कडी निघाली. कोड बिल्डमध्ये नसेल तर त्यातली त्रुटीही नसते. इतकं स्वस्त संरक्षण दुसरं नाही.

म्हणजे कात्री लावू नका असं मी म्हणत नाहीये. उलट, भरपूर लावा. पण डोळे उघडे ठेवून.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ. हे सगळे मी स्वतः कधी ना कधी तोंडाने उच्चारलेले आहेत.

१) "डिफॉल्ट हुशार लोकांनी ठरवलेलं असतं, आपण कशाला हात लावायचा?"

हुशार लोकांनीच ठरवलेलं असतं, पण त्यांच्या अडचणी पाहून. फ्रीटाइपचाच इतिहास बघा. ट्रूटाइप फॉन्टमध्ये हिंटिंगसाठी एक छोटा प्रोग्रामच दिलेला असतो. तो चालवणारा इंटरप्रिटर फ्रीटाइपमध्ये होता, पण कित्येक वर्षं डिफॉल्ट बंद होता. का? तर त्यावर अमेरिकेत ॲपलची पेटंट होती. ती २०१० च्या मे महिन्यात संपली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या २.४ पासून इंटरप्रिटर डिफॉल्ट सुरू झाला. एलसीडीवर अक्षरं गुळगुळीत दिसावीत म्हणून क्लिअरटाइपच्या धर्तीचं सबपिक्सेल रेंडरिंगही असंच मायक्रोसॉफ्टच्या पेटंटांमुळे बंद ठेवलेलं. पेटंटच्या वाटेला न जाणारी हार्मनी नावाची वेगळी पद्धत २०१७ मध्ये २.८.१ सोबत आली. मायक्रोसॉफ्टची ती पेटंटही २०१९ पर्यंत संपली.

गंमत बघा. भारताच्या पेटंट कायद्याचं कलम ३ (के) नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट देत नाही. तरी पुण्यातल्या पोरांनी लिनक्सवर वर्षानुवर्षं फाटकी अक्षरं पाहिली, कारण अमेरिकेतल्या कोर्टाच्या भीतीने एक ओळ कॉमेंट केलेली होती. फ्रीटाइपवाल्यांचं काही चुकलं नाही, त्यांना सगळ्या जगासाठी वाटायचं होतं. पण ती ओळ आपल्यासाठी पवित्र नव्हती. डिफॉल्ट म्हणजे कोणीतरी, कुठल्यातरी वर्षी, स्वतःच्या कारणासाठी घेतलेला निर्णय. कारण समजून घेतलं तर तो पाळायचा की मोडायचा हे तुम्हाला ठरवता येतं.

२) "चालतंय ना? मग हात लावू नकोस."

कोणासाठी चालतंय? बबन काळेंसाठी चालत होतं.

३) "जागा नाही हो. हार्फबझ जड आहे."

हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा, कारण याच्याच नावाखाली मी पाप केलं. पण हार्फबझलाही स्विच आहेत! एचबी_टायनी नावाचा मॅक्रो लावला की लहान उपकरणांना न लागणारं बरंच काही गळून पडतं, ॲपलची स्वतःची लेआउट पद्धत वगैरे. थ्रेडची सुरक्षाही जाते, पण आमचं पावतीचं काम एकाच थ्रेडमध्ये होतं. देवनागरीचं शेपिंग मात्र शाबूत राहतं. फ्रीटाइपमधून पीएनजी, व्हेरिएबल फॉन्ट, एफएनटी, पीएफआर आणि बाकीची जुनी मॉड्यूल्स काढली, हार्फबझ या लहान रूपात घातलं, आणि सगळं फ्लॅशमध्ये बसलं. जागा होती. मी चुकीचं सामान भरलं होतं.

४) "हे डिस्ट्रोचं काम आहे, आपलं नाही."

डेस्कटॉपवर असेल. पण स्वतःच्या प्रॉडक्टमध्ये स्वतः बिल्ड करून लायब्ररी टाकलीत, की त्या लायब्ररीपुरते तुम्हीच डिस्ट्रो. टाळी एका हाताने घेता येत नाही.

आता करायचं काय, तेही सांगतो. नुसतं ओरडून उपयोग नाही.

पहिलं म्हणजे लायब्ररीच्या मूळ फाइलींत खरडू नका. पुढची आवृत्ती घेताना तुमचे बदल बोंबलतील, आणि मग भीतीपोटी तुम्ही नवी आवृत्ती घेणारच नाही. आमची प्रत २.१०.१ वर का अडकली होती, याचं उत्तर हेच. ऑप्शनची फाइल आणि मॉड्यूलची यादी यांची प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि एफटी_कॉन्फिग_ऑप्शन्स_एच नि एफटी_कॉन्फिग_मॉड्यूल्स_एच या मॅक्रोंनी फ्रीटाइपला सांगा की या वाच. ही सोय मुद्दाम याचसाठी दिलेली आहे.

दुसरं, 'सापडलं तर घे' हा कारभार बंद करा. पीएनजी, बीझिप, ब्रॉटली, हार्फबझ, प्रत्येकाला स्पष्ट हो किंवा नाही म्हणा. प्रत्येक ओळीसमोर एका वाक्यात कारण लिहा. कारण सुचत नसेल तर तो निर्णय तुम्ही घेतलेलाच नाही.

तिसरं, फ्रीटाइपमधला तो हार्फबझचा स्विचही लावा, पण खऱ्या कारणासाठी. शेपिंग सुरू झाल्यावर आमच्या पावतीवर एक नवीनच गंमत दिसली: साध्या अक्षरांची शिरोरेषा एका उंचीवर आणि जोडाक्षरांची एक ठिपका खाली. ओळ म्हणजे पायऱ्या-पायऱ्या. कारण असं की जोडाक्षराच्या आकाराला युनिकोडचा स्वतःचा क्रमांक नसतो. हार्फबझशिवाय ऑटोहिंटरला तो आकार देवनागरीचा आहे हे कळत नाही, मग तो त्याला फॉलबॅक पद्धत लावतो. आणि आमच्या आवृत्तीत ती फॉलबॅक पद्धत होती चिनी अक्षरांची! म्हणजे क मराठी आणि क्त चिनी. स्विच लावला, शिरोरेषा सरळ झाली. यात एक वेटोळं आहे: फ्रीटाइपला हार्फबझ हवं आणि हार्फबझला फ्रीटाइप हवं. म्हणून आधी हार्फबझशिवाय फ्रीटाइप, मग हार्फबझ, मग पुन्हा फ्रीटाइप, अशी तीन पावलं टाकावी लागायची. २०२५ मध्ये आलेल्या २.१४ पासून चालू असतानाच हार्फबझ उचलायची सोय आली आहे, तरी पोटात घट्ट बांधून देणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवलेला बरा.

चौथं आणि सगळ्यात सोपं: टेस्टची नावं नीट निवडा. किसन, विठ्ठल, सर्जेराव, ज्ञानेश्वर, निवृत्ती, कृष्णा, लक्ष्मी, सुऱ्या. आपल्या आजी-आजोबांची नावं घ्या, सगळ्या अडचणी आपोआप येतील. यासाठी कुठलं टूल विकत घ्यावं लागत नाही.

शेवटी दोन शब्द आपल्या मराठी अभिमानवाल्यांसाठी, ज्यात मीही येतो. फ्रीटाइपच्या ऑटोहिंटरमध्ये प्रत्येक लिपीसमोर काही प्रमाण अक्षरं दिलेली आहेत, त्यांच्यावरून रेषांची जाडी मोजली जाते. देवनागरीसमोर तीन अक्षरं आहेत: ठ, व, ट. शेजारी एक खूण आहे की या लिपीचं हिंटिंग वरून खाली करायचं, कारण आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात, लॅटिनसारखी तळरेषेवर उभी राहत नाहीत. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी आपल्या लिपीकडे नीट बघितलं होतं. आपली लिपी तिथं आहे, कोणीतरी परक्या माणसाने आस्थेने ठेवलेली आहे, आणि आपण ती आपल्याच हाताने बिल्डमधून काढतो. मग २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचे मेसेज फॉरवर्ड करतो.

फॉरवर्ड करा, माझी हरकत नाही. पण आठवड्यातला एक तास त्या फाइलीलाही द्या. एखाद्या प्रॉडक्टमध्ये वेलांटी चुकलेली दिसली तर "मराठीचा सपोर्ट नाही" असं म्हणून पुढं जाऊ नका. नीट बग लिहा: कुठला शब्द, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं. आणि प्रॉडक्ट तुमचंच असेल तर बग लिहायचीही गरज नाही. फाइल उघडा.

असो. नवी बिल्ड घेऊन मी स्वतः त्या केंद्रावर गेलो होतो. मामांचं दूध काट्यावर चढलं, पावती आली. त्यांनी ती चष्म्याजवळ नेली, आधी नाव वाचलं, मग लिटर, मग फॅट. आणि म्हणाले, "फॅट कमी लावलंय."

सचिव म्हणाले, "मामा, पावसाळा हाय, वला चारा खातीया म्हस."

दोघांचं चांगलं पाच मिनिटं भांडण चाललं. आकड्यावर बोट ठेवून मामा भांडत होते. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. मराठी पावतीचा उपयोग तो हाच.

ता. क. : सीनियरनी नंतर विचारलं होतं, की तू तेव्हा "ऑन आहे" असं म्हणालास ना? मी म्हटलं, "हो सर, ऑन होतं. पण कशासाठी, ते मी वाचलं नव्हतं." ते म्हणाले, "मी तरी कुठं विचारलं?"